मालिबूला इंजिन केवढं हवं?

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, सध्या मिशिगनमध्ये नोव्हीला राहतो. गेल्या वर्षी १९७० ची शेवरोले शेवेल मालिबू घेतली. दोन दारांची, ३०७ क्युबिक इंचांचं मूळ इंजिन, दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पत्रा चांगला आहे, पण इंजिन निळा धूर सोडतं आणि हायवेच्या रॅम्पवर गाडी अगदी जीव काढते. इंजिनचं काम करावंच लागणार. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, ३५० बसवा आणि मोकळे व्हा. मशीन शॉपवाल्याचा आग्रह ३८३ चा. ऑफिसातल्या मित्राच्या मते शेवेल म्हटली की ४५४ च, बाकी सगळी तडजोड. बायकोची अट एवढीच, की मुलांना घेऊन रविवारी बाहेर पडता आलं पाहिजे आणि गाडी रस्त्यात बंद पडता कामा नये. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरच्या गाड्यांच्या मेळ्याला न्यायची हौस आहे. रेस करायची नाही. आणि नाशिकहून बाबा दर फोनला विचारतात, ॲव्हरेज किती देते? तर केवढं इंजिन घेऊ? एसएसचे (सुपर स्पोर्ट, शेवेलची जास्त दमदार आवृत्ती) बिल्ले लावले तर चालतील का?
– मालिबूवाला, नोव्ही

उत्तर : नमस्कार मालिबूवाले,

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. ३८३ घ्या. पण कमी फेऱ्यांत ओढणारं, सौम्य कॅमचं (कॅम म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा) ३८३, आणि तेही गिअरबॉक्सचे पैसे बाजूला काढून ठेवल्यावर. इंजिनपायी गिअरबॉक्सचे पैसे संपणार असतील तर ३५० वर थांबा, काही बिघडत नाही. ४५४ डोक्यातून काढून टाका.

आता रॅम्पचं बघू. त्याचा सगळा दोष तुम्ही इंजिनच्या आकारावर टाकलाय, पण त्यातला निम्मा तरी गिअरचा आहे. पॉवरग्लाइडला गिअर दोनच. पहिल्याचं प्रमाण १.८ च्या आसपास, दुसरा सरळ एकास एक. मागच्या डिफरन्शियलमध्ये ३.०८ चं प्रमाण आहे असं धरून चालू. (खरं किती ते झाकण काढून मोजा. मोठ्या चक्राच्या दातांना लहानाच्या दातांनी भागायचं. त्या निमित्ताने आतलं तेलही बदलून होईल.) दोन्हींचा गुणाकार साडेपाच. म्हणजे गाडी जागची हलताना इंजिनचा जोर चाकापर्यंत साडेपाचपट होऊन पोचतो. त्याऐवजी जीएमचा (जनरल मोटर्स, शेवरोलेची पालक कंपनी) चार गिअरचा ७००आर४ गिअरबॉक्स घेतलात, तर त्याचा पहिला गिअर ३.०६ चा. डिफरन्शियलमध्ये ३.५५ टाकलंत तर गुणाकार होतो १०.९. इंजिनचा एक बोल्टही न हलवता सुरुवातीचा जोर जवळजवळ दुप्पट!

शिवाय ताशी साठ मैलांच्या पुढेमागे पॉवरग्लाइडला वरचा गिअर टाकावाच लागतो, आणि तिथे गाडी साडेपाचवरून एकदम ३.०८ वर येऊन पडते. रॅम्प संपून ट्रकांच्या ओळीत घुसायची वेळ नेमकी तीच. तुमची गाडी जीव काढते ती इथे. चार गिअरवाल्यात याच वेगाला दुसरा किंवा तिसरा गिअर हाताशी असतो. आणि एकदा हायवेला लागलात की चौथा ०.७० चा. २६ इंच व्यासाच्या टायरवर ताशी ७० मैलांना आज तुमचं इंजिन २,८०० च्या आसपास फिरत असणार. ३.५५ आणि चौथा गिअर धरला तर ते २,२५० वर येतं. पिकअप वाढला आणि आवाजही कमी झाला. कुठलंही मोठं इंजिन एका फटक्यात या दोन्ही गोष्टी देत नाही. एक काळजी मात्र घ्या. या गिअरबॉक्सला कार्ब्युरेटरपासून एक केबल जाते, टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल म्हणतात तिला. ती नीट लावली नाही तर आतला दाब कमी पडतो आणि नवे कोरे क्लच बघता बघता जळतात. बसवणाऱ्याला ‘केबल गेजने लावणार का?’ असं विचारा. तो नुसता हसला तर दुसरा माणूस शोधा.

आता इंजिनच्या आकाराकडे येऊ. आपण सीसीत वाढलेली माणसं, क्युबिक इंचांचा अंदाज पटकन येत नाही. ३०७ म्हणजे ५ लिटर, ३५० म्हणजे ५.७, ३८३ म्हणजे ६.३ आणि ४५४ म्हणजे ७.४ लिटर. ३८३ चा एकेक सिलिंडर ७८४ सीसीचा भरतो. आपल्या मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं. तशी जवळजवळ आठ इंजिनं एका क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) जोडली, की झालं तुमचं ३८३.

एवढी हवा गिळून मिळतं काय, तर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. नीट बांधलेलं साधं रस्त्यावरचं इंजिन दर क्युबिक इंचामागे एक पाउंड-फुटापेक्षा थोडा जास्त टॉर्क देतं. कॅम बदला, हेड बदला, हा आकडा फार हलत नाही. हलतो तो कुठल्या फेऱ्यांना मिळतो एवढंच. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२. म्हणून लहान इंजिनमधून मोठी हॉर्सपॉवर काढायची तर ते जोरात फिरवण्याशिवाय इलाज नाही. १९६७ ते ६९ च्या कॅमारो झेड/२८ मध्ये शेवरोलेने हेच केलं. ट्रान्स-ॲम शर्यतीत पाच लिटरची मर्यादा होती, म्हणून चार इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तीन इंच स्ट्रोकचं (पिस्टनची धाव) ३०२ बांधलं. शर्यतीच्या ट्रॅकवर ते इंजिन गाजलं. पण सिग्नलला क्लच सोडताना त्याच्यात दम नसतो, त्याला फेरे लागतात. तुम्ही मुलांना मागे बसवून आइस्क्रीम खायला जाणार. तुमच्या इंजिनचं सगळं आयुष्य हजार ते साडेतीन हजार आरपीएममध्ये जायचं. तेव्हा ज्या इंजिनचा जोर त्या पट्ट्यात आहे ते तुमचं. वरचे सहा हजार महिन्यातून एकदा, तेही सौ. गाडीत नसताना.

तुमच्या ३०७ लाही फार नावं ठेवू नका. ३.८७५ इंच बोअर, ३.२५ स्ट्रोक. कंपनी २०० हॉर्सपॉवर आणि २,४०० आरपीएमला ३०० पाउंड-फूट सांगायची. हे आकडे मात्र जुन्या ‘ग्रॉस’ पद्धतीचे. इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर नाही, सायलेन्सर मोकळा, मागे कुठलं ओझं नाही. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या गाडीत बसवलेल्या अवस्थेतला ‘नेट’ आकडा देऊ लागल्या, आणि सगळ्यांचे घोडे एका रात्रीत कमी झाले. म्हणून १९७० च्या माहितीपत्रकातला आकडा घरच्या मिनीव्हॅनच्या आकड्याशेजारी ठेवू नका. मिनीव्हॅन जिंकेल आणि उगाच वाईट वाटेल.

३०७ लाच बोअरिंग करून ३५० करता येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवीलच. नाही येत. ३५० चा बोअर चार इंच. तिथवर जायला सिलिंडर आठवा भाग इंच मोठा करावा लागेल, आणि पाण्याच्या बाजूची भिंत तेवढी जाड नसते. तेव्हा ३५० चा ब्लॉक लागणारच. तो सापडणं अवघड नाही, ३५० हे इंजिन जीएमने लाखोंनी काढलंय. मिळाला तर १९८७ नंतरचा घ्या. त्यात रोलर लिफ्टरची (कॅम आणि वॉल्व्हच्या मधले, चाक लावलेले तुकडे) सोय असते (ट्रकच्या काही ब्लॉकांत जागा ओतलेली असते पण भोकं पाडलेली नसतात, ते बघून घ्या). जुन्या पद्धतीच्या सपाट लिफ्टरला तेलात भरपूर झिंक लागतं. आजच्या तेलात ते कमी असतं, आणि मग नवा कॅम पहिल्या अर्ध्या तासातच घासून सपाट झाल्याच्या तक्रारी येतात. रोलर घेतलात की ती कटकट संपली. मात्र १९८६ पासून ब्लॉकचं मागचं ऑइल सील एकसंध आलं. म्हणून क्रँक आणि फ्लेक्सप्लेट (क्रँकला गिअरबॉक्सशी जोडणारी तबकडी) त्याच जातीची लागते. आणि तुमचा पेट्रोलचा पंप इंजिनच्या बाजूला बसणारा, यांत्रिक असेल, तर ब्लॉकवर त्याची जागा कापलेली आहे का तेही बघा. इंधन इंजेक्शनच्या काळातल्या काही ब्लॉकांत ती नसते.

आता ३५० की ३८३. ३५० चा स्ट्रोक ३.४८ इंच, ३८३ चा ३.७५. फरक सात मिलिमीटरहून कमी. १९७० मध्ये शेवरोलेने ४०० क्युबिक इंचांचा स्मॉल ब्लॉक (३०७ आणि ३५० च्याच कुटुंबातलं इंजिन) काढला, त्याचा क्रँक ३.७५ चा. लोकांनी त्याच्या मुख्य जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) लेथवर २.६५ वरून २.४५ इंचांवर आणल्या, ३५० चा ब्लॉक तीस हजारांश (०.०३०) इंच मोठा बोअर केला आणि त्यात तो बसवला. ४.०३ बोअर, ३.७५ स्ट्रोक, आठ सिलिंडर, गणित केलंत की ३८२.७ येतं. आज जुना ४०० चा क्रँक शोधायचीही गरज नाही, तयार मिळतात. जुनं ३५० उघडलं की क्रँक घासायचा, पिस्टन ओव्हरसाइज टाकायचे, रॉड तपासायचे हे सगळं आलंच. तोच खर्च थोडा वाढवून लांब स्ट्रोकचा संच घेतला की तेहतीस क्युबिक इंच पदरात पडतात, आणि पडतात नेमके खालच्या फेऱ्यांत. तुमच्या दीड टनाहून जड गाडीला त्याचाच उपयोग. म्हणून मशीन शॉपवाल्याचं म्हणणं मी मान्य करतो.

पण त्याचा संच म्हणजे नुसती जोडाजोड नाही, हे त्याला ठाऊक आहे ना ते पाहा. लांब क्रँकवर रॉडच्या बोल्टची डोकी बाहेरच्या बाजूला ब्लॉकच्या खालच्या कडेपर्यंत येतात आणि वर कॅमच्या उंचवट्यापर्यंत जातात. चांगला बिल्डर एकेक रॉड सैल लावून क्रँक हाताने, अगदी सावकाश फिरवतो आणि आठही ठिकाणी फट मोजतो. सुमारे दीड मिलिमीटर मोकळी जागा नसेल तिथे खडूने खूण करतो. मग ब्लॉक उघडा करून ग्राइंडरने तेवढीच कड घासतो आणि पुन्हा धुऊन पुन्हा मोजतो. ज्यांना घाई असते ते ‘संचाबरोबर आलंय ना, बसतंच’ म्हणतात. बसतं, आणि हजार मैलांवर एक बोल्ट कॅमला टेकतो. शिवाय संतुलन. ४०० चा मूळ क्रँक बाहेरून संतुलित असायचा, पुढच्या डॅम्परवर आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर वजन ठेवून. आजचे काही क्रँक तसे, काही आतून संतुलित. दोन्हींचे भाग एकमेकांत मिसळले तर डॅशबोर्ड थरथरायला लागतो आणि बेअरिंगं जातात. आतून संतुलित घ्या, पुढे डोक्याला ताप नाही.

मी ‘सौम्य कॅमचं ३८३’ म्हणालो ते का सांगतो. या आकड्याचं नाव निघालं की दुकानदार मोठा कॅम, मोठं कार्ब्युरेटर आणि चढं कॉम्प्रेशन यांची यादी काढतो. गाडी उभी असताना ‘धब-धब-धब’ असा आवाज आला पाहिजे म्हणून. तो आवाज म्हणजे कमी फेऱ्यांत सिलिंडर नीट भरत नाहीत याची पावती. मोठ्या सिलिंडरचा एक फायदा असतो, तोच कॅम त्यात सौम्य वागतो. ३५० मध्ये जो कॅम आयडलला गाडी हलवतो तो ३८३ मध्ये बराच निवतो, आणि ४५४ मध्ये तर तो कॅम मोठा आहे हे कळतही नाही. हा फायदा आवाजावर उधळू नका. पन्नास हजारांश (०.०५०) इंच लिफ्टला २१५-२२० अंशांच्या (क्रँक एवढा फिरेपर्यंत वॉल्व्ह उघडा राहतो) आसपासचा रोलर कॅम घ्या. इंजिन दीड हजारापासून ओढायला लागेल. आणि आयडलला व्हॅक्यूम भरपूर राहील. त्याचा संबंध थेट तुमच्या ब्रेकशी आहे. पॉवर ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. सोळा-अठरा इंच पारा मिळाला तर पाय सहज दबतो. मोठ्या कॅमवर तो दहा-बारावर येतो, आणि मग सिग्नलला थांबताना गाडीपेक्षा चालकाची कसोटी लागते.

कॉम्प्रेशनचं गणित तर मशीन शॉपवाल्यासमोर कागदावर करून घ्या. समजा हेडमधली पोकळी ६४ सीसी, गॅस्केट, वॉल्व्हचे खळगे आणि पिस्टनवरची फट मिळून आणखी १८ सीसी. एकूण ८२. ३५० मध्ये एका सिलिंडरचे ७१७ सीसी, त्यात हे ८२ मिळवून ८२ ने भागलं की ९.७ येतं. हेड तेच, पिस्टन तसेच सपाट, फक्त स्ट्रोक वाढवून आणि बोअर तीस हजारांश करून सिलिंडर ७८४ सीसीचा केला की आकडा १०.६ वर जातो! म्हणजे कोणी काही न ठरवताच कॉम्प्रेशन जवळपास एकाने चढलं. लोखंडी हेडवर साडेनऊच्या वर गेलात तर पंपावरच्या ९३ ऑक्टेनवरही उन्हाळ्यात चढाला नॉकिंग होईल. १९७० मध्ये अकराच्या वरची इंजिनं चालायची, कारण पेट्रोलमध्ये शिसं असायचं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ पासून पूर्ण बंद आहे. तेव्हा खोलगट माथ्याचे पिस्टन घ्या. ॲल्युमिनियमची हेडं असतील तर दहाच्या आसपास थांबा, लोखंडी असतील तर नऊ ते साडेनऊ. आणि जुनी हेडं वापरणार असाल तर एक्झॉस्टच्या वॉल्व्हखाली कडक सीट बसवून घ्या. शिसं वॉल्व्ह आणि सीटची झीजही थोपवायचं.

कार्ब्युरेटरबद्दल लोक इतके उदार का होतात मला समजत नाही. ३८३ गुणिले ५,५०० आरपीएम भागिले ३,४५६ केलं की ६१० येतं. इंजिन प्रत्यक्षात ८५ टक्के भरतं असं धरलं तर मिनिटाला ५२० घनफूट हवा. म्हणजे सहाशे-साडेसहाशेचं कार्ब्युरेटर पुरून उरतं. तरी दुकानात ७५० चं खोकं पुढे येतं. जुना क्वाड्राजेट (त्या काळच्या जीएमच्या गाड्यांतला कार्ब्युरेटर) हाताशी असेल तर मात्र तो साडेसातशेचा असला तरी ठेवा. त्याची पुढची दोन भोकं लहान असतात, निवांत चालवताना तेवढीच काम करतात, आणि मागची मोठी दोन गरज पडली तरच उघडतात. तो नीट जुळवणारा माणूस मिळाला तर रस्त्यावरच्या गाडीला त्याच्यासारखं कार्ब्युरेटर नाही, असं माझं मत आहे. हे मत पुष्कळांना पटत नाही.

आता तुमच्या मित्राच्या ४५४ कडे. त्याच्या बोलण्यात इतिहास आहे, हे कबूल. १९६९ पर्यंत जीएमने मधल्या आकाराच्या गाड्यांना चारशे क्युबिक इंचांची वेस घातली होती. १९७० ला ती उठली आणि त्याच वर्षी शेवेलला ४५४, आणि पाँटिॲक, ओल्ड्समोबील, ब्यूइक या भावंडांना ४५५ मिळालं. शेवेलच्या एलएस६ या ४५४ ला कंपनीने ४५० हॉर्सपॉवर आणि ५०० पाउंड-फूट लावले. त्या काळच्या सगळ्यात तगड्या आकड्यांपैकी ते एक. पण त्याचं कॉम्प्रेशन ११.२५ होतं, म्हणजे आजच्या पंपावर ते तसंच बांधून चालणार नाही. आणि ते इंजिन ज्या गाडीत होतं तिचं पुढचं सगळंच वेगळं होतं.

तुमच्या गाडीत बिग ब्लॉक (४५४ च्या कुटुंबातलं मोठं, जड इंजिन) घालायचा म्हटला की पुढच्या चाकांवर पन्नास किलोंहून जास्त वजन वाढतं. मग पुढच्या स्प्रिंगा बदला, माउंट बदला, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवे, रेडिएटर मोठा. मागचा दहा बोल्टचा ॲक्सल तर पाचशे पाउंड-फुटांपुढे फार दिवस टिकायचा नाही, म्हणजे बारा बोल्टचा शोधा. या यादीला लागलेला पैसा इंजिनच्या बिलात कुठेच दिसत नाही, म्हणून मित्र तो सांगत नाही. मूळ एसएस असती, हे सगळं कंपनीतूनच आलं असतं, तर मी स्वतः म्हणालो असतो की ४५४ ठेवा, मऊ कॅम टाका आणि मजा करा. लांब प्रवासात तसं इंजिन झोपेत चालतं. तुमची गाडी ती नाही.

आणि वुडवर्ड. ‘ड्रीम क्रूझ’ १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते, हे तुम्हाला माहीत असेलच. फर्नडेल, रॉयल ओक, बर्मिंगहॅम करत पाँटिॲकपर्यंत गाड्यांची रांग, आणि वेग चालणाऱ्या माणसाएवढा. उन्हात, आयडलवर, तासन्‌तास. तिथे रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभे असलेले लोक दिसतात त्यांतल्या बऱ्याच जणांकडे हॉर्सपॉवर भरपूर असते. तुमचं ३८३ सुद्धा तिथे तापू शकतं, जर पंख्याभोवतीचं शराउड (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कडं) नसेल तर. जुन्या गाड्यांत ते कोणीतरी कधीतरी काढून टाकलेलं असतं, कारण त्याच्यामुळे हात आत जात नाही. नवं आणा. पंख्याचं पातं अर्धं शराउडच्या आत आणि अर्धं बाहेर राहील असं बसवा. अख्खं आत गेलं किंवा अख्खं बाहेर राहिलं तर रेडिएटरच्या कोपऱ्यांतून हवा ओढली जात नाही. सरसकट इलेक्ट्रिक पंख्याच्या मागे लागण्याआधी एवढं करून बघा.

पुढचे ब्रेक ड्रमचे असतील तर डिस्क करून घ्या, आणि इंजिनच्या आधी करून घ्या. इंजिन बसल्यावर कोणी करत नाही. मागचा दहा बोल्टचा ॲक्सल ३८३ ला साध्या टायरवर चालून जाईल, कारण दात तुटायच्या आत टायरच सुटतो. चिकट शर्यती टायर मात्र लावू नका.

एक पर्याय तुमच्या तिन्ही सल्लागारांनी सांगितला नाही, तो म्हणजे जीएमच्या ट्रकमधलं ५.३ लिटरचं नव्या पिढीचं इंजिन, इंजेक्शनसकट. थंडीत एका चावीत सुरू, पेट्रोल कमी, चोकची भानगड नाही. बायकोच्या अटीला तेच सगळ्यात जवळचं आहे हे मान्य करावं लागेल. पण वायरिंग, संगणक, टाकीतला पंप हे सगळं आलं, आणि तुमच्या पत्राचा सूर पाहता बॉनेटखाली कार्ब्युरेटरच दिसायला हवा असं वाटतंय. तसं नसेल तर पुन्हा लिहा, त्याची चर्चा वेगळी.

बाबांना सांगा, चार गिअर झाल्यावर हायवेला गॅलनला पंधरा मैलांच्या आसपास मिळतील, गावात त्याहून कमी. लिटरला साडेसहा किलोमीटरही नाहीत हे गणित त्यांना स्वतः करू दे.

बिल्ल्यांचं म्हणाल, तर गाडी तुमची, काहीही लावा. कायद्याने अडवत नाही कोणी. मला विचाराल तर मालिबूला मालिबूच राहू द्या. १९७० ला एसएस हा वेगळा मॉडेल नव्हता, पैसे भरून घ्यायचा पर्याय होता, आणि गाडीच्या नंबरावरून ती एसएस होती का ते कळत नाही. त्यामुळे नकला भरमसाट झाल्या, आणि आता बिल्ला दिसला की जाणकार आधी संशयच घेतात. तुम्ही विकताना खरं सांगाल, पण तुमच्यानंतरचा सांगेलच असं नाही. आणि आकड्यांवर तसाही फार विश्वास ठेवू नये. त्या वर्षीच्या शेवेलवर जे ‘३९६’ मिरवतं ते इंजिन प्रत्यक्षात ४०२ होतं. कंपनीनेच बोअर थोडा वाढवला आणि बिल्ला जुनाच ठेवला.

मूळ ३०७ टाकून देऊ नका. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट पट्टी आहे, तिथे गाडीच्या नंबरातले शेवटचे आकडे ठोकलेले असतात. ते तुमच्या गाडीशी जुळले तर इंजिन दुर्मीळ नसलं तरी पुढच्या मालकाला त्याची किंमत असेल. स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडा, भोकं बंद करा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा. पट्टीवर पॉलिश पेपर मारू नका, आकडे पुसट होतात.

आता मशीन शॉपवाल्याकडे जाल तेव्हा इंजिनचा कागद आधी मागा. त्यात बोअर आणि स्ट्रोक, हेडच्या पोकळीचे सीसी, पिस्टनच्या खोलगटपणाचे सीसी, गॅस्केटची जाडी, यांवरून निघालेलं कॉम्प्रेशन, कॅमचे अंश, संतुलन आतून की बाहेरून, आणि रॉडच्या फटी मोजल्या का, एवढं लिहिलेलं हवं. कॉम्प्रेशनच्या रकान्यात ‘साधारण दहा’ असं असेल तर बेरीज तुमच्यासमोर करायला लावा. लिहून द्यायला कुरकुर केली, तर ब्लॉक गाडीत टाका आणि दुसऱ्या दुकानात न्या. डेट्रॉईटच्या आजूबाजूला मशीन शॉपांना तोटा नाही.